शिवमुठीचे तीळ

मामंजी अंगणात उभे राहून हवेतला दोरा गुंडाळत होते. दोरा नव्हताच, पण डाव्या हाताच्या अंगठ्याभोवती ते तो इतका मन लावून गुंडाळत होते की मी क्षणभर वाकून बघितलं. तेवढ्यात त्यांनी तुळशीवृंदावनाला हात जोडले आणि म्हणाले, "या पाव्हणं, बसा. च्या टाकायला सांगतो."

मी तेव्हा नुकतंच ताट वाढून घेतलं होतं. आमच्या घरात आधी पुरुष जेवत, मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि सगळ्यांचं आवरलं की मी. लग्नाला तीन महिने झाले होते. साल चौऱ्याऐंशी, श्रावणातला चौथा सोमवार आदल्या दिवशीच झालेला. सासरे गावच्या महादेवाचे गुरव. सोमवारी देवळात पाय ठेवायला जागा नसे, त्यामुळे मंगळवारी दुपारी जेवून सगळे आडवे होत.

"आत्याबाई, मामंजी बघा कसं करतायत," मी हाक मारली.

उत्तर आलं नाही. आत जाऊन बघते तर आत्याबाई भिंतीला टेकून बसलेल्या. तोंड लालभडक. पदरावरून काहीतरी वेचून त्या दुसऱ्या हातात ठेवत होत्या आणि हात रिकामाच होता.

"पानी दे गं. घशात राख बसलीया."

तांब्या तोंडाला लावला, तर घोट गिळता येईना, सगळं पाणी गळ्यावरून खाली आलं. अंगाला हात लावला तर चटका बसेल इतकं गरम, पण घामाचा टिपूस नाही. मी ओसरीवर पळाले. हे खाटेवर उठून बसले होते.

"अहो, माझ्याकडे बघा."

यांनी बघितलं. यांचे डोळे घारे आहेत. त्या वेळी त्या डोळ्यांत घारं काही उरलंच नव्हतं, बुबुळं नुसती काळी झाली होती.

"तुमी कुठल्या म्हनायच्या?" यांनी मला अदबीनं विचारलं.

तीन महिन्यांचा संसार आणि नवरा विचारतो, कुठल्या म्हणायच्या. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. त्या दिवशी मी आत आले, माझ्या ताटाकडे बघितलं आणि भाकरीशेजारची तिळाची चटणी दिसताच ते लांब सारलं. ती चटणी कुठल्या तिळाची असणार ते मला तेव्हा कळलं.

शेजारच्या जिजाक्का माझा आवाज ऐकून आल्या. त्यांनी आधी तिघांना अंगारा लावला. देवाचं काहीतरी चुकलंय, श्रावणात असं अंगात येतं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अंगात नाही, पोटात गेलंय, आधी गाडी बघा. दुधाचा टेम्पो चावडीपाशी उभा होता. चार माणसांनी मामंजींना उचलून त्यात घातलं. मामंजी त्यांना गाभाऱ्यात चपला घातल्याबद्दल शिव्या देत होते. टेम्पो सुरू होताना जिजाक्का माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "आन तुला कसं काय बी न्हाय झालं गं?"

"मी जेवले नव्हते अजून."

"तू जेवली न्हाईस," त्या एवढंच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर मुजावर म्हणून एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी तिघांचे डोळे बॅटरीने बघितले, नाडी बघितली, जीभ बघितली आणि मला विचारलं, "काय खाल्लं?"

"भाकरी, घेवडा आणि तिळाची चटणी. तिळात धोतऱ्याच्या बिया आहेत, डॉक्टर. त्यातली अल्कलॉइडं. ॲट्रोपिनच्या जातीतली."

डॉक्टरांनी मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"बी.एस्सी.चा एक पेपर राहिलाय माझा. वनस्पतिशास्त्राचा."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नळी घालून तिघांची पोटं धुतली, अंगावर ओल्या चादरी टाकल्या, उजेड सोसेना म्हणून खिडक्या लावून घेतल्या. पुढे बऱ्याच वर्षांनी ते भेटले तेव्हा म्हणाले, तुम्ही नाव सांगितलंत म्हणून माझा अर्धा तास वाचला, आणि तुमच्या सासऱ्यांच्या वयाला तो अर्धा तास भारी पडला असता. पण विषाची केस म्हटली की पोलिसांना कळवावं लागतं. तो नियमच. चारच्या सुमाराला हवालदार आले, त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, मग व्हरांड्यात माझ्यासमोर वही उघडून बसले.

"तिघांनी खाल्लं. तुमी न्हाय खाल्लं. आन विष कुठलं ते डॉक्टरच्या आधी तुमाला ठावं." त्यांनी पेन्सिलीला थुंकी लावली. "बाईंना विषाची लईच म्हायती दिसतीया."

आता ते तीळ कुठले, ते सांगते. श्रावणातल्या सोमवारी नव्या सुना महादेवाला शिवमूठ वाहतात. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, मग मूग, मग जव. वाहिलेलं धान्य गुरवाच्या घरी येतं. पण पिंडीवर काही धान्य एकटं नसतं. बेल असतो, कण्हेर असते, रुईची फुलं असतात, आणि महादेवाला आवडतो म्हणून धोतरा असतो, फुलंही आणि काटेरी फळंही. ते सगळं एकत्र गोळा होऊन आमच्या घरी येई आणि वाळत पडे.

मी परीक्षेचा अभ्यास त्या ढिगासमोर बसूनच करायचे. झाडाला जगायला लागतं ते अन्न वेगळं, आणि स्वतःला राखायला ते जे करतं ते वेगळं, असा तो धडा होता. त्या दुसऱ्या प्रकाराची घराणी पाठ करायची होती. मी ती घरातल्या वस्तूंवर बसवली होती. ओव्याचा नि तुळशीचा वास तो टर्पिनचा, हिरड्याचा तुरटपणा टॅनिनचा, हळदीचा रंग फिनॉलच्या घराण्यातला, रिठ्याचा फेस सॅपोनिनचा, कण्हेर नि रुई म्हणजे हृदयावर चालून जाणारी ग्लायकोसाइडं, आणि धोतरा म्हणजे अल्कलॉइड. महादेवाच्या पिंडीवर माझा अर्धा पेपर दर सोमवारी वाहिला जाई, फुकटात.

दुसऱ्या सोमवारनंतर चार दिवसांनी मी तीळ निवडायला बसले. सूप समोर, पुस्तक मांडीवर. कुणीतरी पिकलेली धोतऱ्याची फळं वाहिली होती. ती उन्हात तडकून त्यांच्या चपट्या बिया तिळात सांडल्या होत्या. तिळापेक्षा थोड्या मोठ्या, पण रंग जवळपास तोच. दोन-चार असत्या तर वेचल्या असत्या. हातात घ्यावं त्या मुठीत दहा-पंधरा निघत होत्या. मी पुस्तकातलं चित्र काढून आत्याबाईंना दाखवलं.

"आत्याबाई, ही बी धोतऱ्याची आहे. ही पोटात गेली तर माणसाला भ्रम होतो, जीवही जातो. हे तीळ टाकून देऊ."

"देवाचं वाहिलेलं उकिरड्यावर टाकू?" त्या चुलीपुढून म्हणाल्या. "चाळीस वरसं निवडतीया मी. नीट निवड. पुस्तकात डोळं घालतीस ते सुपात घाल."

"एवढं नाही निवडता यायचं."

"न्हाय तर ऱ्हाऊ दे. माज्या सासूनं बी एक दाना टाकला न्हाय कदी. महादेव आख्खा धोतरा पचवतो, आपल्याला दोन बियांनी काय हुतंय."

मी ते तीळ फडक्यात बांधून फडताळात वर ठेवले. मला वाटलं, मी सांगितलंय, आता त्यांना हात लावणार नाहीत. टाकले मात्र नाहीत. नव्या सुनेनं देवाचं वाहिलेलं टाकायचं म्हणजे काय, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. तरी ती माझी चूकच, आणि मी ती कधी नाकारली नाही. मंगळवारी सकाळी मी नदीवर धुणं घेऊन गेले असताना आत्याबाईंनी ते गाठोडं काढलं, तीळ भाजले, लसूण-मिरची घालून उखळात कुटले. दुपारी वाढताना मला चटणी दिसली होती. डब्यातल्या तिळांची असेल असं मी स्वतःला सांगितलं आणि विचारलं नाही.

हे सगळं मी हवालदारांना सांगितलं. त्यांनी पुस्तकाचं गाळून मोजकंच लिहून घेतलं आणि विचारलं, "तुमी टाकून द्या म्हनलासा, याला साक्षी कोन?"

"आत्याबाई."

आतून आत्याबाईंचा आवाज येत होता. त्या खाटेच्या दांडीला दूध पाजत होत्या.

"बऱ्या हू द्या," हवालदार म्हणाले. "मग बघू."

पुढचा दीड दिवस मी त्या व्हरांड्यात काढला. गावातून माणसं बघायला येत होती. रुग्णांना बघायला कमी आणि मला बघायला जास्त. कराडहून माझे वडील आले. ते तिथल्या कॉलेजात शिपाई होते, म्हणूनच मी शिकले. ते माझ्याशेजारी बसले आणि दोन तासांनी एवढंच बोलले, "तू असं काही करणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण माझ्या माहितीला कोण विचारतंय." मला रडू आलं ते तेव्हा. भीती वाटतच होती, पण वडिलांनी स्वतःला इतकं लहान करून बोलावं याचा राग जास्त होता.

बुधवारी संध्याकाळी हे शुद्धीवर आले. मला ओळखलं. सोमवारी देवळात कोण कोण आलं होतं ते यांना आठवत होतं, मंगळवारी सकाळी अंघोळीला पाणी गार होतं हेही आठवत होतं. जेवणानंतरचं मात्र कोरं. मामंजींचं तसंच. दोऱ्याचं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना.

"डॉक्टर, यानं आधीचं पुसलं जातं का? म्हणजे आठ-पंधरा दिवसांपूर्वीचं?" मी विचारलं.

"सहसा नाही. तेवढे तास जातात. का?"

"सहजच."

गुरुवारी सकाळी आत्याबाई उठून बसल्या. हवालदार आले. वॉर्डात मामंजी खाटेवर, हे त्यांच्या पायथ्याशी, दाराशी माझे वडील, आणि खबर काढायला आलेल्या जिजाक्का. मी आत्याबाईंच्या उशाशी उभी होते. हवालदारांनी माझा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "सुनेनं तीळ टाका म्हनून सांगितलं हुतं का?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. "मला काय आठवत न्हाय, सायेब."

"काहीच?"

"डोक्यात नुसतं धुकं हाय. म्हागलं काय बी न्हाय."

हे बाकी दोघांसारखं नव्हतं. त्या दोघांचे फक्त काही तास गेले होते. पण बाईमाणूस आजारातून उठलेलं, तिला खोटी कशी म्हणायची, तेही सुनेनं? मी यांच्याकडे बघितलं. हे चादरीचा कोपरा चुरत होते. आईविरुद्ध ब्र काढायची यांची शामत नव्हती, आणि ते मी यांना अजूनही पुरतं माफ केलेलं नाही.

मामंजी घसा साफ करून म्हणाले, "मग आसं करू. चौकशी हुईस्तवर पोरीला म्हायारी धाडू. पाव्हणं आलंच हायती."

अशी 'चौकशी होईपर्यंत' गेलेली पोर परत येत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. वर पोलिसांची वही होतीच.

जिजाक्का मान हलवत म्हणाल्या, "शिकल्याली पोरगी आनली की ह्ये आसं व्हतंय."

"मी तवाच म्हनलं हुतं," आत्याबाई एकदम उसळून बोलल्या. जिजाक्कांचा टेकू मिळाल्यावर त्यांना जोर आला. "हिचं ध्यान कामात नसतंच. त्या दिशी बी तीळ निवडाय बसली तवा मांडीवर पुस्तक हुतं. हात सुपात आन डोळं पुस्तकात. मग बिया ऱ्हानार न्हाईत तर काय!"

हवालदारांची पेन्सिल चालली होती. ती थांबेपर्यंत मी वाट बघितली. मला माझाच आवाज शांत वाटला.

"आत्याबाई, मांडीवर पुस्तक होतं, ते तुम्हाला आठवतंय."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मग त्या पुस्तकातलं चित्र काढून मी तुम्हाला दाखवलं, तेही आठवत असेल. मी चित्र दाखवलं तेव्हा तुम्ही चुलीपुढे होता. तुम्ही मला काय म्हणालात?"

डॉक्टर मुजावर दुसऱ्या रुग्णाची पट्टी सोडत होते, त्यांचा हात थांबला. मामंजी बायकोकडे बघत राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याकडे इतका वेळ बघितलं असेल असं मला वाटत नाही.

"बोल की गं," ते हळू म्हणाले.

आत्याबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"म्हनली हुती ती," त्या म्हणाल्या. "टाका म्हनली हुती. मीच न्हाय म्हनलं. गाठोडं मीच काढलं आन मीच कुटलं. लिव्हा सायेब. अंगठा कुठं लावू?"

हवालदारांनी पानं उलटली, नवा जबाब घेतला, अपघात म्हणून लिहिला आणि निघाले. जिजाक्का त्यांच्या आधीच निघाल्या होत्या. मामंजी माझ्या वडिलांना म्हणाले, "च्या घिऊ या का?" आणि दोघे खाली गेले. माफी वगैरे आमच्याकडे मागत नाहीत. चहा पाजतात.

दुपारी सुट्टी मिळाली. मामंजी नि हे औषधं आणायला गेले होते. आत्याबाई आणि मी एस.टी.च्या थांब्यावरच्या दगडी ओट्यावर बसलो होतो. मी तोंडात एक वाक्य तयार ठेवलं होतं, चांगलं धार लावून. मला तुरुंगात घालायला निघाला होता तुम्ही, असं काहीतरी. त्या आधी बोलल्या.

"तुला वाटत आसंल, किती वंगाळ बाई हाय."

"हो, वाटतंय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली.

"न्हवऱ्याला आन लेकाला विष चारलं, आन त्ये बी देवाच्या धान्यातनं. गुरवाची बाई मी. मला घरात ठेवत्यात का न्हाय, ह्येच डोक्यात फिरत हुतं. तुला हाकललं आसतं तर तू कराडला गेली आसतीस. तुज्या आईनं ताट वाढलं आसतं, बापानं पेपर द्याला लावला आसता. मला हाकललं आसतं तर मी कुठं जायाचं, सांग." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माजं म्हायार धरनाखाली गेलं. घर, परडं, आमचा आंबा, समदं शिवसागराच्या पान्यात हाय. भावाला तिकडं ठान्याच्या अंगाला जमीन दिली म्हनत्यात. ईस वरसं झाली, मला त्येचा पत्ता म्हाईत न्हाय."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. राग गेला नव्हता. तो पुढेही पुष्कळ दिवस राहिला, ऑक्टोबरात पेपर देऊन आल्यावरही होता. पण त्या ओट्यावर बसून मला पहिल्यांदा कळलं की त्या घरात दोन सुना आहेत, आणि त्यातल्या एकीला परत जायला गावच नाही.

एस.टी. आली. गर्दी होती. मी घुसून पुढची खिडकीची जागा धरली आणि आत्याबाईंना हात देऊन तिथे बसवलं. आमच्या गावाच्या अलीकडे धरणाकडे जाणारा फाटा लागतो, त्या बाजूची खिडकी होती ती.